परत आलेल्या मुलाशी पहिलं वाक्य

मार्च संपत आला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर परतू लागतात. साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे उसाचा हंगाम संपलेला असतो. भांडी, गोधड्या, शेळ्या आणि पोरं घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या गावी येतात आणि दोन-तीन दिवसांत त्यातली काही पोरं शाळेच्या दारात उभी राहतात. गेलेली असतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात वर्गात भागाकार संपून अपूर्णांक सुरू झालेले असतात, बसायची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, गणवेश आखूड झालेला असतो. त्या घटकेला शिक्षकाच्या तोंडून जे वाक्य निघतं ते मूल सहजासहजी विसरत नाही.

बऱ्याचदा ते वाक्य असं असतं : ‘‘आलात? आता काय उपयोग, परीक्षा तोंडावर आली.’’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. एका खोलीत दोन वर्ग, मोबाईलवर ‘माहिती आजच्या आज भरून पाठवा’ असे निरोप, त्यात पाच महिने गायब असलेली चार पोरं म्हणजे नवी डोकेदुखी. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं, की आपण नव्हतो तेव्हा इथे कुणाचं काही अडलं नाही.

हा लेख अशा मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. ऊसतोडीच्या घरातली मुलं समोर ठेवून लिहितो आहे. पण वीटभट्टीवरची, पालावरची, आश्रमशाळेतली, शहरातल्या झोपडपट्टीतून महापालिकेच्या शाळेत येणारी मुलं ज्यांच्या वर्गात आहेत त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. म्हणणं एकच आहे. शिक्षकाशी जुळलेलं नातं ही अशा मुलाची शाळेतली सर्वांत मोठी मिळकत असते, आणि ते नातं नुसत्या मायेवर उभं राहत नाही. त्यात अपेक्षाही लागते. ‘तू आलास, बरं वाटलं’ हे जितकं गरजेचं, तितकंच ‘आता हे तुला यायलाच हवं, आणि ते येईपर्यंत मी तुला सोडणार नाही’ हेही.

हवाई बेटांतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी मुलं चाळिशीला पोचेपर्यंत मागोवा घेतला. त्यातली काही मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार किंवा व्यसनं अशा अनेक संकटांत एकदमच सापडलेली होती. तरीही त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाची, माणसांत रमणारी माणसं झाली. ती कशामुळे तगली याचा शोध घेतला तेव्हा पुन्हापुन्हा एक गोष्ट दिसली : त्यांच्या आयुष्यात भरवशाचं एखादं तरी मोठं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी आणि घराबाहेर पाहिलं तर अनेकदा आवडते शिक्षक. आपल्याकडे हे सांगायला हवाईपर्यंत जायची गरज नाही म्हणा. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या नजरेत भरला. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हताच, एल्फिन्स्टनचा होता. तरी त्यांनी त्याची चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली, 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कार घडवून स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव आंबेडकरांचं कॉलेज सुरू राहिलं. केळुसकरांच्या वागण्यात हळहळ किती होती ते ठाऊक नाही. चौकशी, पुस्तक आणि खटपट मात्र होती. शिक्षकाला करता येण्याजोगी हीच तर कामं आहेत.

आता पहिल्या आठवड्याकडे वळू. मूल परत आलं की पहिल्या दिवशी त्याची चाचणी घेऊ नका. वर्गासमोर उभं करून ‘कुठे होतास, काय करत होतास’ हेही विचारू नका. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याला ते मोठ्याने सांगायला लाज वाटते. नावाने हाक मारा, बसायला जागा करून द्या. ती जागा मागच्या भिंतीशी नको, तुमच्या हाताच्या अंतरावर असू द्या. परिपाठात किंवा वर्गात त्याच्यावर लगेच एखादं काम सोपवा : फळा पुसणं, खडू आणणं, हजेरीचा पट पोचवणं. हजेरी घेताना एक सवय लावून घ्या. जे आज आलेले नाहीत त्यांच्या नावाशी क्षणभर थांबायचं आणि ‘ही का नाही आली, कुणाला माहीत आहे?’ असं विचारायचं. हा प्रश्न हजर असलेल्या मुलांसाठीही असतो. उद्या आपण आलो नाही तर आपल्याबद्दलही असंच विचारतील, हे त्यांना त्यातूनच समजतं.

दोन-तीन दिवसांनी अभ्यासाला हात घाला, आणि तोही मुलाला एकट्याला जवळ घेऊन, वहीवरून. इथे एक गोष्ट जरा जवळून बघू.

समजा पाचवीतली एक मुलगी परत आली आहे. तिला तुम्ही 52 वजा 27 घातलं, तिने 35 लिहिलं. नंतर 61 वजा 38 घातलं, तिने 37 लिहिलं. दोन्हींवर लाल फुली मारली की काम झालं असं वाटतं, आणि ‘हिला वजाबाकी येत नाही’ असा शेराही तयार होतो. पण नीट पाहा. तिने अंदाजाने काहीही लिहिलेलं नाही. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. तिचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो ती इमानाने पाळते आहे. दशक सुटा करायचा धडा झाला तेव्हा ती फडात होती, एवढंच. आता तिला तोंडी विचारा : बावन्न मोळ्या बांधल्या, सत्तावीस गाडीत चढवल्या, खाली किती राहिल्या? अनेकदा अशा मुलांकडून ‘पंचवीस’ हे उत्तर तुमचा प्रश्न संपायच्या आत येतं. कधी येतही नाही, तेव्हा काड्यांचे गठ्ठे घेऊन बसायचं. पण आलं तर तिथेच तिला दाखवा की डोक्यात तू जे केलंस तेच कागदावर असं लिहितात. ‘तुला येतंय, लिहायची रीत राहिली आहे’ हे वाक्य या मुलीच्या कानावर आजवर किती वेळा पडलं असेल, याचा विचार करा.

मी या उदाहरणावर एवढा थांबलो, कारण नातं म्हटलं की आपल्याला पाठीवरून फिरणारा हात आठवतो. तो हवाच. पण मुलाची चूक मन लावून वाचणं हे त्याहून मोठं प्रेम आहे असं माझं मत आहे. पोरांना हा फरक बरोबर कळतो. गोड बोलणारे आणि वही न बघणारे सर त्यांना आवडतात, पण त्यांच्यावर ती विसंबत नाहीत.

शिक्षकाच्या अपेक्षेला किती वजन असतं यावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांचा. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार असं सांगितलं. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षाअखेरीस निदान लहान वर्गांत तरी त्या मुलांची प्रगती इतरांहून जास्त दिसली. 1968 साली हे पुस्तकरूपाने आलं आणि तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. हा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसतो असं पुढच्या बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं. तरी शिक्षकाने आपल्या वर्गात आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवून पाहावी. ‘हुशार’ मुलाला प्रश्न विचारल्यावर आपण उत्तरासाठी किती वेळ थांबतो आणि मागच्या मुलासाठी किती? एकाचं उत्तर चुकलं तर आपण ‘पुन्हा विचार कर’ म्हणतो, दुसऱ्याचं चुकलं तर ‘बस खाली, तू सांग रे’ म्हणून पुढे सरकतो. यात दुष्टपणा नसतो, घाई असते. थांबायची मुद्दाम सवय करावी लागते. मनात पाच अंक मोजा. वर्ग शांत झाला की आपणच अस्वस्थ होतो, तेवढं सोसा.

याच्याच जोडीला एक जास्त नाजूक गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, मोफत गणवेश, जातीचे दाखले यासाठी वर्गात नावं पुकारली जातात. ‘एस्सीची पोरं उभी राहा’, ‘एनटीवाल्यांनी झेरॉक्स आणल्या का?’ अशी भाषा इतकी सरावाची झाली आहे की ती आपल्या कानाला खटकतही नाही. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधिकांनी सहावी-सातवीतल्या 642 मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात कोणती हे उघड केलं नव्हतं तेव्हा उच्च मानल्या जाणाऱ्या आणि दलित जातींतल्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. इतर गटांत मुलांची जात सर्वांसमोर जाहीर करून तशीच कोडी दिली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. एका वाक्याने एवढं होत असेल तर वर्गातली ती पुकारणी बंद करणं हे शिक्षकाच्या हातातलं, बिनखर्चाचं काम आहे. अर्ज पालकांकडून घ्या, मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवा, किंवा सगळ्या वर्गाचे कागद एकत्र गोळा करा. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, पाणी कोण वाढतं, इकडेही डोळा असू द्या. 1924 साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केलं तेव्हा सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं हा तिथला पाया होता, आणि ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्यावर दागिने मोडायची वेळ नाही, पंगत नीट बसवायची आहे.

मारण्याबद्दल फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ‘उसाच्या फडातच बरा होतास’ हे दुसऱ्या प्रकारात मोडतं.

भाषेबद्दल मात्र लिहायला हवं. तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरमाटी बोलतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात पावरी किंवा भिली. असं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला आपली पुस्तकी मराठी अर्धीमुर्धीच कळते. ते गप्प बसतं आणि आपण त्याला मंद ठरवतो. त्यांची भाषा शिकायला वर्ष लागेल, पण पन्नास शब्द महिन्याभरात जमतात. आई, भूक, दुखतंय, पाणी, ये, बस, शाबास. कुणाकडून शिकायचे? त्याच मुलांकडून. ‘आईला तुमच्यात काय म्हणतात?’ विचारलं आणि पोरं एका सुरात ‘याडी’ म्हणाली, की त्या तासापुरती ती शिक्षक होतात आणि तुम्ही विद्यार्थी. तुमचा उच्चार चुकला तर हसतील. हसू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम मांडलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. अनुपस्थितीचं कारण मुलाच्या आळसात न शोधता त्याच्या दिनक्रमात शोधायची ही दृष्टी आजही जशीच्या तशी वापरता येते. सारखी उशिरा येणारी मुलगी सकाळी काय काय करून येते, हे एकदा विचारून बघा. धाकट्याला आंघोळ, शेळीला पाला, दोन हंडे पाणी. तिला ‘उशीर का?’ विचारण्यापेक्षा पहिल्या तासाला जे बुडतं ते मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत देणं सोपं जातं.

पालकांशी बोलण्याचा प्रश्न अवघड आहे, कारण शाळेतून बोलावणं आलं म्हणजे पोराने काहीतरी खोडी केली, एवढंच त्यांना माहीत असतं. म्हणून पहिलं बोलावणं, पहिला फोन कौतुकाचा असावा. ‘तुमच्या पोराने आज पहिल्यांदा अख्खा धडा वाचला’ असं वीस सेकंदांचं बोलणं. नंतर कधी तक्रार करायची वेळ आली तर ऐकून घेतात. घरी गेलात तर ओट्यावर बसा, दिलेला चहा घ्या, फॉर्म पिशवीतच ठेवा. वयाने मोठ्यांना ‘मामा’, ‘मावशी’, ‘आबा’ म्हणा. ‘ए बाई, तुझ्या पोरीला पाठवत का नाहीस?’ असं शिक्षक म्हणाले की पुढचं सगळं बोलणं वाया गेलं समजा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. ती जागा कागदावर भरली जाते आणि माणूस बैठकीला नसतो. बैठकीची वेळ मजुरी सुटल्यावरची ठेवून बघा.

नात्याला कुंपणही हवं. मूल विश्वासाने जवळ येतं तेव्हा कधीकधी फार जड गोष्टी सांगतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसू नका. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी गरज पडली तर योग्य माणसाला सांगावं लागेल’ असं प्रामाणिकपणे म्हणा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावातल्या गावात मिटवायचा अधिकार मुख्याध्यापकांनाही नाही. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ असू द्या, तुमच्या भिंतीवर असू द्या. सातवी-आठवीतली मुलगी दिवाळीनंतर एकाएकी शाळेतून नाहीशी होते तेव्हा तिचं लग्न ठरलेलं असण्याची शक्यता मनात धरा. तोडीला नवरा-बायकोच्या जोडप्याचा मिळून एक ‘कोयता’ धरतात, आणि पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं ही आईबापांची भीती खरी असते. नुसतं कायद्याचं नाव काढून ती भीती जात नाही. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, हे ठोस बोलावं लागतं. तरी लग्न होणार असं दिसलं तर ग्रामसेवकांना कळवा, बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात त्यांच्यावर असते. एरवीची पथ्यंही सांगून ठेवतो : मुलांशी एकट्याने बोलायचं ते दार उघडं ठेवून, चारचौघांच्या नजरेत, स्वतःच्या खिशातून पैसे देण्यापेक्षा वही-पेन शाळेमार्फत, आणि लाडकं मूल एकच असू नये. तुमचा एखाद्यावर विशेष जीव आहे हे वर्गाला दोन दिवसांत कळतं, आणि त्याची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते.

इथवर वाचून एखादे गुरुजी म्हणतील, हे सगळं मी कधी करायचं? रास्त आहे. पटावरच्या सगळ्यांसाठी सगळं होणार नाही. मुख्याध्यापकांनी एक बैठक घेऊन सगळ्या मुलांची नावं फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक शिक्षकाने, शक्य असेल तर स्वयंपाकीण ताईंनीही, आपण जी मुलं घरापासून ओळखतो त्यांच्यापुढे खूण करावी. ज्या नावांपुढे एकही खूण नाही ती मुलं वाटून घ्यावीत, प्रत्येकी दोन-तीन. त्यांच्याशी रोज दोन मिनिटं अभ्यासाखेरीज काहीतरी बोलायचं. एवढंच. बदलीचा काळ आला की ही यादी नव्या शिक्षकाच्या हातात द्या. कोण कशाला घाबरतो, कुणाची आजी ऐकून घेते, कुणाला चित्रकलेची गोडी आहे, असं चार ओळींचं टिपण. एरवी बदलीच्या वेळी दप्तर नव्या शिक्षकाकडे जातं, पण ही माहिती जात नाही, आणि मुलाला दरवेळी शून्यापासून सुरू करावं लागतं.

आणि दसऱ्याच्या आधीचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवा. कोणती कुटुंबं यंदा जाणार, कोणाची मुलं मागे राहू शकतात हे तेव्हाच विचारा. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, पण मुलांचं अजून ठरायचं असतं. जी जाणारच आहेत त्यांच्या हातात तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड द्या. कार्ड नसलं, दाखला नसला, वर्ष अर्धं संपलेलं असलं तरी कारखान्याजवळच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना दोनदा समजावून सांगा आणि जमलं तर त्या शाळेच्या शिक्षकांना फोन करून मूल कुठवर आलं आहे ते सांगा. पिशवीत एक गोष्टीचं पुस्तक आणि एक कोरी वही घाला; वहीत रोज दोन ओळी लिही, आल्यावर मी वाचणार आहे असं बजावा, आणि आल्यावर खरंच वाचा. महिन्यातून एकदा फोन करा, संध्याकाळी सातनंतर, कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, सगळे आलेले असतात तेव्हा. आईबापांच्या जोडीला टोळीतल्या आणखी एकाचा नंबर घ्या आणि तो पटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. रिचार्ज संपला की घरचा फोन पहिल्यांदा बंद पडतो, आणि मग मुकादमाखेरीज कुणाचाच ठावठिकाणा लागत नाही.